डब्याची राखीव सीट

वडील एसटीत कंडक्टर होते. गडहिंग्लजच्या गाडीत उभ्याने तिकिटं फाडण्यात हयात गेली आणि रिटायर होताच गुडघ्यांनी संप पुकारला. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. आम्ही राहायचो वर, पाणी चढवायची मोटर खाली. नळाला पाणी यायचं सकाळी साडेनऊला. तेव्हा मी कागलच्या एमआयडीसीत आणि आई तिच्या शाळेत शिकवायला. मग वडील गॅलरीतून शेजारच्या काकांना हाक मारत, "मोटर लावता का जरा?" भरल्या गाडीला दरडावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही विनवणी फार जड जायची. हाक मारायच्या आधी ते दोनदा घसा खाकरत.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, त्यामुळे अंगात उत्साह. दोन हजार सातच्या सुमारास घरात ब्रॉडबँड आलं होतं. मी मोटरच्या स्टार्टरला सर्किटचा एक डबा जोडला आणि त्याची वायर वर राउटरला आणली. वडिलांनी खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर बटण दाबायचं, खाली मोटर सुरू. पहिल्या संध्याकाळी त्यांनी उगाचच पाच वेळा चालू-बंद करून बघितली.

सकाळी मात्र बटण दाबलं तर काहीच नाही. संध्याकाळी मी सगळं बंद करून पुन्हा लावलं, की चालू. सकाळी पुन्हा बंद. एखाद्याच सकाळी चालायची, ती का चालली हेही कळेना. मी वायर बदलली, राउटर बदलला आणि शेवटी चिडून म्हणालो, "तुम्हीच काहीतरी भलतं दाबत असणार."

दुसऱ्या दिवशी आई शाळेतून आली, तर ते जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेले. स्वतः खाली जाऊन मोटर लावली होती आणि वर यायला गुडघा तयार नव्हता. ते ऐकून मी डबा काढूनच टाकतो म्हणालो.

"चार दिवस थांब," वडील म्हणाले. "मी बघतो."

चार दिवसांनी त्यांनी एक कागद पुढे केला. कंडक्टरच्या बारीक अक्षरात सगळ्या वेळा लिहिलेल्या. त्या काळात रोज सकाळी सात ते नऊ लोडशेडिंग असायचं. लाइट कधी आली, राउटरवर कुणाचा दिवा आधी लागला, मोटर चालली की नाही, सगळी नोंद.

"हे बघ. डबा आधी चढला तर मोटर चालती. कॉम्प्युटर आधी चढला तर न्हाय. जो फुडं घुसंल त्याला पयली सीट देतोय तुझा राउटर."

मी कपाळाला हात लावला. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. वीज गेली की आमचा राउटर दिलेले पत्ते विसरायचा आणि पुन्हा आल्या क्रमाने वाटायचा. डबा जागा व्हायला वेळ लावी, आणि लाइट येताच वडील कॉम्प्युटर लावून तयारीत बसत. बटण डब्याला जुन्याच पत्त्यावर शोधायचं आणि तिथे कॉम्प्युटर ऐसपैस बसलेला. संध्याकाळी मी डबा आधी लावायचो, म्हणून माझं सगळं बरोबर.

"आमदाराची सीट न्हाय का आमी राखीव ठेवत? तशी डब्याची ठेव की."

पत्ता राखीव करायला दहा मिनिटं लागली. "चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय, चुकलंच," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. नऊला लाइट आली, तसा वडिलांनी मुद्दाम कॉम्प्युटर आधी लावला. साडेनऊला बटण दाबलं आणि खाली मोटर घुमायला लागली. मला बटणापेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटत होतं. ते भिंतीला धरून गॅलरीत गेले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी काकांना हाक मारली.

"तुमची टाकी भरली का? नसली तर पाइप टाका हिकडं, मी हितनंच सोडतो पाणी."

या वेळी त्यांनी घसा खाकरला नव्हता.