रोखलेला श्वास

व्यायाम शिकवताना मृण्मयी माझ्या चेहऱ्याकडे क्वचितच पाहते. तिचे लक्ष माझ्या श्वासाकडे असते. साठीनंतर मी प्रथमच व्यायामशाळेत जाऊ लागलो आहे. गुडघा दुखावलेला असला तरी नातीच्या बारशाला पंगतीत बसावे आणि आधाराविना उठावे, एवढीच माझी इच्छा आहे.

काल जमिनीवरून उठताना तिने मला अडवले.

"काका, थांबा. दुखतंय ना?"

"छे, ठीक आहे."

"मग श्वास का रोखलात? सांगायला भीड कसली? मी काय तुमची विहीण आहे?"

मी ओशाळून हसलो.

तिने व्यायामशास्त्राची पदवी घेतली आहे. तिच्या सहाध्यायांपैकी कोणी खेळाडूंची तयारी करून घेतात, कोणी हृदयरुग्णांना पुन्हा चालते करतात. शरीराचे म्हणणे ऐकण्याचेही रीतसर शिक्षण असते, हे मला फार उशिरा कळले. सभ्यपणापोटी मी आजवर जे झाकत आलो, ते कोणीतरी इतक्या हळुवारपणे ओळखावे, याबद्दल मन कृतज्ञतेने भरून येते.

मग तिने मला दोन पाटांएवढ्या उंच ठोकळ्यावर बसवले. श्वास सोडत मी उठलो, दुखले नाही. बारशाच्या पंगतीत मी दोन पाट मागून घेणार आहे, आणि तेही सर्वांदेखत.