वैरण आणि पहिले गाणे

गाणी गोळा करायला निघालेल्या माणसाला किस्से चुकत नाहीत. गाण्यांना फाइल-क्रमांक देता येतात, किश्शांना ते मानवत नाहीत. आमच्या भागात कुठल्याही कंपनीविना रॅप सुरू करणारा पहिला गडी म्हणजे शिराळ्याचा संभा. त्याची सारी गाणी डिजिटल संग्रहात आणण्याचे काम मी स्वीकारले आणि माझ्या टिपणवहीचे समास भरू लागले.

*

लोकगीतांसाठी आखलेला जुनाच तक्ता मी त्याच्यापुढे ठेवला. “गाणे कोणाकडून शिकलात?”

“रागातनं.”

“कोणते काम करताना म्हणता?”

“काम चुकवताना!”

दोन्ही उत्तरे जशीच्या तशी नोंदवली.

*

सारे मिळाले, पहिले गाणे मात्र मिळेना. ते गोठ्यात मोबाइलवर रेकॉर्ड केलेले. तो मोबाइल पुढे हौदात पडला.

“ते तुम्ही स्टुडिओत पुन्हा गायलात ना?”

“त्यात भीती न्हाई, सर. पहिल्यात लई भीती हाय. ते घावलं न्हाई तर बाकीचंबी ठेवू नका!”

वर्षभराचा संग्रह एका फाइलवर अडला.

*

सांगलीच्या कार्यक्रमात संभा गरजला, “वैरण टाकलीस का?” सारे मैदान उत्तरले, “टाकली, आई!” त्याच्या प्रत्येक गाण्यात हे येतेच. या रीतीचे मूळ मी कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांपर्यंत नेऊन भिडवले. चांगली पाच पाने!

संभाने ती वाचली. “भारी हाय, सर,” एवढेच म्हणाला. मान वर केली नाही.

*

ते गाणे पसरले होते ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवरून, एका पेनड्राइव्हमधून दुसऱ्यात. म्हणून कारखान्यापुढच्या रांगेत आम्ही एकेका चालकाला विचारत गेलो. पाटणच्या एकाकडे ते निघाले. पण तो पेनड्राइव्ह सोडेना.

“कॉपी केल्यावर माझ्यात निम्मंच ऱ्हाईल!”

“पुरं ऱ्हातंय रं, गड्या!” संभा म्हणाला.

“मग माझ्यादेखत करा.”

रांग पुढे सरकली, मागचे हॉर्न वाजवू लागले. चालक हलला नाही. लॅपटॉपवर गाणे उतरले. संभाने हेडफोनवर पहिली ओळ ऐकली आणि भर रस्त्यात मला उचलले!

*

गाणे क्रमांक एक म्हणून संग्रहात चढले. सर्वप्रथम ते संभाच्या आईंना ऐकवले. मधेच त्यांचा स्वतःचा दरडावणारा आवाज आला, “संभा, म्हशीला वैरण टाकलीस का?” आणि ठेका न सोडता पोराचे कापरे उत्तर: “टाकली, आई!”

माझी पाच पाने पिशवीतच राहिली.

“पुन्ना लावा,” आई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा ते उत्तर येताच त्यांनी संभाकडे पाहिले.

“टाकली न्हवतीस!”