ताईची गाडी आणि मिस्त्रींचा शब्द

गाडीच्या बाबतीत मिस्त्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात आणून ठेवायची, रात्रभर तिला हात लावायचा नाही आणि सकाळी गार इंजिन स्वतः चालू करून बघायचं, ही त्यांची पद्धत. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ‘माणूस थापा मारतो, इंजिन मारत नाही,’ असं ते म्हणत आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरे. त्यामुळे डोक्यात थोडी हवा गेली होती.

त्यांची थोरली बहीण नर्स होती. भल्या सकाळी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं, कुणाला इन्सुलिन टोचायचं, कुणाची पट्टी बदलायची, हेच तिचं आयुष्य. आई गेल्यावर मिस्त्रींना लहानाचं मोठं केलं तेही तिनेच. तिची गाडी जुनी, कार्बुरेटरवाली. त्या हिवाळ्यात धुकं पडलं की गाडी नीट चालू व्हायची, दोन-तीन वळणं घ्यायची आणि पुलाच्या आसपास आचके देऊन बंद पडायची. ताई कुडकुडत बसायची. थोड्या वेळाने गाडी जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. तोवर इन्सुलिनसाठी उपाशी थांबलेली म्हातारी डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असायची. तिच्या ऑफिसने बजावलं, असंच चाललं तर फेरी दुसरीला देऊ, तुम्ही इथे टेबलाचं काम करा.

मिस्त्रींनी गाडी तीनदा ठेवून घेतली. प्लग बदलले, बॅटरी तपासली, चोकची तार सरळ केली. तिन्ही सकाळी गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली आणि एका लयीत घुरघुरत राहिली. गॅरेजाची दारं बंद होती आणि कोपऱ्यात शेगडी पेटलेली होती, हे त्यांच्या लक्षात कसं यावं? ते स्वतःही उबेतच उभे होते.

‘ताई, गाडी ठणठणीत आहे,’ गिऱ्हाइकांच्या देखत ते म्हणाले. ‘इंजिन तापल्यावर तूच चोक आत ढकलायला विसरतेस. वय झालं आता तुझं.’

सगळे हसले. ताईही हसली, पण तिचा चेहरा उतरला.

त्यानंतर बिचारी चोकवर हात ठेवूनच गाडी चालवू लागली. गाडी बंद पडायची ती पडतच राहिली. एका संध्याकाळी ती भावाला म्हणाली, ‘अरे, विकून टाक ती गाडी. मला नाही जमत आता.’ जिने हयातभर कशालाच ‘नाही जमत’ म्हटलं नव्हतं, तिच्या तोंडून मिस्त्रींनी हे पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तिच्या शेजारी जाऊन बसले.

ताईने चोक ओढला, इंजिन तापत गेलं तसा हळूहळू आत ढकलला. कुठे काही चुकलं नाही. पुलावर धुकं दाट होतं. गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली.

मिस्त्रींनी झटकन बोनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढलं. कार्बुरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्याच्या, तोंडात पांढराशुभ्र बर्फ साचला होता. ते बघत असतानाच इंजिनाच्या धगीने तो विरघळू लागला आणि शेवटी नुसता ओलावा उरला. इंजिनाजवळची गरम हवा कार्बुरेटरकडे नेणारी एक नळी असते; ती नसली की धुक्यातली गार, ओली हवा आत शिरून गोठते आणि इंजिनाची वाट अडवते. ती चिरली होती म्हणून उन्हाळ्यात त्यांनीच काढून टाकली होती, ‘काही अडत नाही’ म्हणत.

‘ताई, सापडलं! नळीचं काम आहे, तुझी काही चूक नाही. आजच नवी बसवतो, मग उद्या बघ कशी पळते ती!’

ताई हात चोळत उभी होती. ‘उद्या कुठे? आज शेवटची फेरी. परवाच ऑफिसात सांगून आले, मला टेबलाचं काम द्या म्हणून. माझ्या जागी नवी मुलगी आलीसुद्धा.’

‘मला विचारायचं तरी!’

‘तुझं ऐकूनच केलं की रे. वय झालं, असं तूच म्हणालास ना? गाड्यांतलं तुला कळतं. म्हटलं, माणसांतलंही कळत असेल.’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं.

गाडी पुन्हा चालू झाली. त्या सकाळी ते तिची बॅग घेऊन घरोघरी मागोमाग गेले आणि कुणी न विचारता प्रत्येक दारात सांगत राहिले, ‘दोष गाडीत होता. माझ्या लक्षात आला नाही. ताईचं काही चुकलं नव्हतं.’

इन्सुलिनवाल्या म्हातारीने बाही वर सारत ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा खुलला. ‘म्हणजे आता रोज वेळेवर येणार म्हणा ना ताई!’

ताईने मान खाली घालून सुई टोचली. मिस्त्री बॅग छातीशी धरून उभे राहिले.