पर्वणी चुकलेला समुद्र

आमच्या घरात समुद्राला जायचं ठरलं तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि प्रत्यक्ष गेलो तेव्हा अकरा वर्षांची. मधली चार वर्षं आप्पा चौकशी करत होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावच्या कोर्टात वकिली करायचे. आमच्या बेळगुंदीच्या शेतकरी घराण्यात कोट घालणारे ते पहिलेच, म्हणून कोट जरा जास्तच घालायचे. साक्षीपुरावा झाल्याशिवाय त्यांचं कशावरच मत बनत नसे. बाजारात गेले तरी दोन वांग्यांची उलटतपासणी घेऊन तिसरंच घरी आणायचे, आणि ते नेमकं किडकं निघायचं.

समुद्राच्या बाबतीत तर त्यांनी साक्षीदारांची रांगच लावली. कोर्टातल्या एका कारकुनाची सासुरवाडी मालवणची. तो म्हणाला, पाण्यात किल्ला बघायचा तर मालवणच, पण खडकांवर पाय घसरला तर मला सांगू नका. चिकोडीचे एक पक्षकार कारवारला जाऊन आलेले. त्यांच्या मते डोंगर थेट समुद्रात उतरतो तो फक्त तिथं, बाकी सगळं नुसतं पाणी. रत्नागिरीला आगबोट लागते आणि आगबोटीत उलट्या होतात, असं एका मास्तरांनी सप्रमाण सांगितलं. म्हणजे स्वतःला किती झाल्या ते सांगितलं. शिरोड्याची वाळू साखरेसारखी पांढरी आणि वेंगुर्ल्याची लांबच लांब, बंदर वेगळं. मला वाटायचं समुद्र एकच, आमच्या तळ्यासारखा, कुठूनही बघितला तरी तोच. आता कळलं की गावागणिक तो वेगळा आहे. मग तर मला सगळेच हवे झाले.

खरं म्हणजे सोपा रस्ता गोव्याचा. बेळगावात आगगाडीत बसायचं आणि उतरायचं ते समुद्रापाशीच. पण वाटेत फिरंग्याची जकात लागते, गाठोडी सोडून बघतात, हे आक्काच्या कानावर गेलं.

"माझ्या देवाच्या डब्याला त्या टोपीवाल्यानं हात लावल्याला चालायचं न्हाय," ती म्हणाली. गोवा तिथंच निकालात निघाला.

आक्का आप्पांची थोरली बहीण. सगळं घर तिला आक्काच म्हणायचं, आम्ही पोरंसुद्धा. अकराव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आली आणि तिथनं आप्पांच्या संसारात. आता साठीला आली होती. घरात तिचा शब्द चालायचा, पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या बाहेर यायची नाही. बायका ओसरीवर हसायच्या, ती आत डाळ वाटत बसायची. कुणी तिला आत बस म्हणत नव्हतं. तशी वेळच ती येऊ द्यायची नाही.

आणि समुद्राचं सगळं प्रकरण मुळात तिच्यापायी होतं. कणकुंबीला देवीच्या दर्शनाला गेली असताना तिनं मलप्रभेचा उगम बघितला होता. परातीएवढं पाणी. ते बघून आल्यावर म्हणाली, "नदी निघती कुठनं ते बघितलं रं. आता पाणी जातंय कुठं तेबी बघू दे. एकदा हात लावू दे." सगळ्या जन्मात तिनं आप्पांकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मलप्रभा पूर्वेला जाते, तिचा समुद्र तो नव्हेच, हे आप्पांनी नकाशा काढून समजावलं. आक्का म्हणाली, "मला जवळचा चालंल."

पण हात लावायचा म्हणजे अडचण होती. पर्वणीशिवाय समुद्राला शिवायचं नाही, असं तिनं देवळातल्या पुराणात ऐकलेलं. अमावास्या नाहीतर पौर्णिमा. इतर दिवशी लांबून नमस्कार. आप्पांना फुरसत नाताळात, कोर्ट बंद असेल तेव्हा. मे महिन्यातही असे, पण मे महिन्यात बेळगावच्या गारव्याला विजापूरपर्यंतचे पाहुणे आमच्या घरी येऊन पडायचे. तेव्हा नाताळात यांतली एखादी तिथी यायला हवी, आणि त्याच वेळी भावकीत कुणी जन्मायला नको की मरायला नको. एका वर्षी सगळं जमलं होतं, तर बेळगुंदीच्या चुलतचुलत आजोबांनी नेमका तोच आठवडा धरला. आप्पा सुतकात बसूनसुद्धा त्यांच्यावर चिडले होते.

चौथ्या वर्षी जमलं. निकाल वेंगुर्ल्याच्या बाजूनं लागला, कारण सर्व्हिस मोटार थेट जात होती. चतुर्दशीला सकाळी निघायचं, संध्याकाळी पोचायचं, अमावास्येला सकाळी आक्काचं समुद्रस्नान. आप्पांनी हा बेत कागदावर लिहून खाली सही केली होती.

आंबोलीत मोटारीचा कसलासा दांडा मोडला. ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं, तंबाखू मळली आणि क्लीनरला दुसरा दांडा आणायला सावंतवाडीला पिटाळलं. तो घाट उतरून गेला तो अमावास्येच्या संध्याकाळीच उगवला. तोवर आम्ही धर्मशाळेत. आप्पा कोट घालून येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक फेरीला ड्रायव्हरला एक कलम लावत होते. तिथल्या बायकांकडून आक्काला कळलं की हिरण्यकेशी इथंच उगम पावते. अमावास्येची आंघोळ तिनं तिथं उरकली.

"हिच्या नशिबात नद्यांची बाळंतपणंच बघायची दिसतायत," आई हळूच म्हणाली. मी हसले आणि लगेच मला रडू आलं. चार वर्षं वाट बघितलेली तिथी आमच्या डोळ्यांदेखत डोंगरावर बसून संपत होती.

प्रतिपदेला सकाळी वेंगुर्ल्याला पोचलो. माडांच्या वाडीत एका म्हाताऱ्या बाईच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. सामान टाकून लगेच समुद्रावर. समुद्र बघून मी काय म्हटलं ते आठवत नाही. आप्पा म्हणाले, "बराच आहे." चार वर्षांच्या चौकशीनंतर एवढंच.

मग आप्पांनी बसायची जागा निवडली. आम्ही नदीकाठची माणसं. मार्कंडेयाच्या काठावर जेवायला जायचं तर पाण्यापासून चार हातांवर, ओल्या घट्ट वाळूवर बसायचं, तिथं पाय रुतत नाहीत, हे आम्हांला पाळण्यातच कळलेलं. इथंही तशीच जागा होती, सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत. वर कोरड्या वाळूत बसलेली कोळ्यांची पोरं आमच्याकडे बघून का हसतायत ते कुणाला कळेना. सतरंजी पसरली. भाकरी, चटणी, दही, कांदा मांडला. आप्पांनी जोडे काढून पाण्याच्या बाजूला शिस्तीत ठेवले. आक्का मात्र पाण्याकडे पाठ करून, लुगडं सावरून बसली. बघितलं तर हात लावावासा वाटंल, म्हणाली.

दुसरी भाकरी मोडली आणि समुद्र सतरंजीवर आला.

सगळ्यांत आधी उठली ती आक्का. बेळगावात तिला उंबरा ओलांडायला माझा खांदा लागायचा. इथं ती भर्रकन उठली आणि वर कोरड्यात जाऊन उभी राहिली. पाणी तिच्या टाचेपासून वीतभर लांब राहिलं. आमच्या भाकऱ्या पोहायला लागल्या. आप्पांचा एक जोडा गेला. ते एका पायात जोडा घालून कमरेएवढ्या पाण्यात ओरडत होते, "थांब! थांब म्हणतो ना!" जोड्याला की समुद्राला, ते विचारायची ती वेळ नव्हती.

घरमालकीण रात्रीचं वाढताना पोट धरून हसली. "वकीलसायबानु, ह्यां काय तुमच्या न्हंयचां पाणी नाय. दिसाक दोनदा येता नि दोनदा जाता. आणि रोज दोन घटका उशीर करता."

"दोन घटका?" आक्का म्हणाली. वेंगुर्ल्याला आल्यापासून तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी तिची केस चालवायला घेतली. सुरूच्या झाडाखाली ती जपमाळ घेऊन बसलेली, आप्पा पुढं उभे. उरलेल्या एका जोड्याचा उपयोग नसल्यानं अनवाणी, पण कोट अंगात.

"आक्का, सेतूला कधीबी शिवलं तरी चालतं. शास्त्रच हाय. आणि सेतूचं पाणी न् हे पाणी एकच की."

"मग सेतूला ने. तिथं शिवते."

"बरं, पावसाचं पाणी कुठनं येतंय? समुद्रातनंच. जन्मभर भिजलीस न्हवं? मग शिवलीसच की तू."

"त्यो वरनं आलता," आक्का म्हणाली. "मी गेलते व्हय त्याच्याकडं?"

आप्पांनी हात टेकले. माळ थांबली. मग ती मला म्हणाली, "पोरी, आज पाणी कुठवर येतंय बघ. सगळ्यात वर येईल तिथं एक काटकी रोव." मला वाटलं, पोर कंटाळलीय म्हणून काम काढून दिलं. मी काटकी रोवली.

तिसरा दिवस शेवटचा. उद्या सकाळची मोटार, आणि परवा कोर्टात आप्पांची तारीख. जेवण झाल्यावर आप्पा झाडाखाली तोंडावर टोपी ठेवून आडवे झाले. आक्का उठली. मला म्हणाली, "सतरंजी वर घे. तुझ्या आईचं गाठोडं वर घे. ह्याचा कोट वर टांग." सगळं वर नेल्यावर ती खाली गेली, माझ्या काटकीपाशी थांबली, मनाशी काही हिशेब केला, आणि काटकीच्या खाली पाचेक पावलांवर फतकल मारून बसली. समुद्राकडे पाठ. हातात माळ.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आईकडे बघितलं. आईला आधीच कळलं होतं. ती ओठ दाबून बसली होती.

पाणी येत होतं. पण घरमालकीण म्हणाली होती की चंद्र वाढत जातो तसं आठ दिवस ते कमी कमी वर चढतं. एक लाट आली आणि आक्काच्या मागे दोन हातांवर विरली. दुसरी त्याहून लांब राहिली. तिसरी तर आलीच नाही म्हणा. आक्काचा अंदाज चुकला होता की काय? ती मागे वळून बघत नव्हती आणि मागे सरकतही नव्हती. सरकली तर ते आपण होऊन जाणं झालं असतं. मला वाटलं, धावत जावं आणि समुद्राच्या पाठीत एक धपाटा घालून त्याला पुढं ढकलावं.

तेवढ्यात आप्पा जागे झाले. "आक्का! ऊठ! पाणी येतंय!"

"मला पाठीला डोळं न्हाईत रं," आक्का न वळता ओरडली. "आणि गुडघाबी धरलाय."

आप्पा उठून धावणार, तोच आईनं त्यांच्या धोतराचा सोगा घट्ट धरला. आमच्या घरात आईनं आप्पांना अडवलेलं मी तेव्हाच पाहिलं. "बसा गप," ती म्हणाली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, आक्काकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच साक्षीपुराव्याशिवाय त्यांना सगळं समजलं. ते उभेच राहिले.

मग ती आली. फार मोठी नव्हती. फेसाची कड घेऊन सावकाश वर चढली, आक्काच्या पाठीशी पोचली, दोन्ही बाजूंनी पुढं येऊन तिच्या मांडीत भरली आणि थांबली. आक्काचा श्वास केवढ्यांदा आत गेला ते आम्हांला वर ऐकू आलं. तिनं माळ गळ्यात घातली. दोन्ही तळवे पाण्यात टेकले. ती हसत होती, आणि डोळ्यांतनं धार लागली होती. मला तर मोठमोठ्यानं रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

आप्पा खाली गेले. अशा वेळी ते नेहमी वकील व्हायचे, तसेच झाले. म्हणाले, "आक्का, आज तृतीया. हे शास्त्राला चालतंय का?"

"मी कुठं गेले?" आक्का म्हणाली. "त्यो आला." पाणी ओसरून पुन्हा चढलं, तिच्या कमरेला लागलं. "साठ वर्सं झाली. माझ्याकडं आपणहून कोण आलतं रं?"

आप्पा धोतरासकट तिच्या शेजारी पाण्यात बसले.