कॅनडामार्गे सुकेळी

माणिकपूरच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, तिथल्या मुख्याध्यापिकांनी एक दिवस मला एका ऑनलाइन कोर्सला बसवलं. फुकट होता, हे मुख्य कारण. विषय होता कनेक्टिव्हिझम. ज्ञान कुणा एकाच्या डोक्यात नसतं, ते माणसामाणसांतल्या जोडण्यांत असतं आणि शिकायचं म्हणजे अशा जोडण्या वाढवत जायचं, असं काहीसं ते होतं. काहीसं म्हणते, कारण मला ते तेव्हाही धड कळलं नाही आणि आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मुळात या वर्गात सर कोण, हेच समजेना. जगभरातली माणसं, सगळी एकमेकांना शिकवताहेत. पुस्तक नाही, परीक्षा नाही, रोज नुसता लिंकांचा ढीग. पोर्शन कुठे संपतो, असं मी विचारलं, तर कुणीतरी हसरा चेहरा पाठवला. मी भडकले. नवरदेवाशिवाय वरात निघालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

मग काम मिळालं: तुम्हाला मनापासून शिकायची असलेली एक गोष्ट सगळ्यांना विचारा. मी रागाच्या भरात ‘नंदाखालची सुकेळी’ असं लिहून टाकलं.

मी देशावरची, लग्न होऊन नंदाखालच्या वाडीत आलेली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधाच्या रंगाची होतात, ती सुकेळी. सासूबाईंच्या सुकेळ्यांचं नाव आगाशीच्या बाजारापर्यंत होतं म्हणे. मी मात्र ती कधी चाखलीच नव्हती, कारण मी यायच्या आधीच त्यांनी करणं सोडलं होतं. शिकवा म्हटलं, की घड कधी उतरवायचा, कसा पिकवायचा, सोलताना नख कसं लागू द्यायचं नाही, इथवर भरभरून सांगत. पुढचं विचारलं की, "पुढचं काय, ऊन करतं," म्हणून उठून जात. दर वर्षी गाडी तिथेच अडायची. सुनेपासून हातचं राखून ठेवताहेत, दुसरं काय, असं मी धरून चालले होते. मला ते फार लागायचं.

आता उत्तरं यायला लागली. फिलिपिन्सचा एक जण म्हणाला ओव्हनमध्ये ठेवा. ब्राझीलची बाई म्हणाली लिंबाच्या पाण्यात बुडवा. एकाने तर हवेतल्या दमटपणाचा तक्ताच मागितला. एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. मी लिंबाचं पाणी केलं, केळी वाळत घातली, आणि ती काळी पडून आंबली. सासूबाईंनी एक उचलून वास घेतला.

"माझीपण अशीच झाली होती. वाटणीनंतर."

वाटणीचा आणि केळ्यांचा काय संबंध, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी कॅनडाहून एक ओळ आली. कोणती वाडी? बांधावर नारळ आहे तीच का?

ती काकींची मुलगी निघाली. काकी म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जाऊ. घर जास्वंदीच्या कुंपणापलीकडे, हाकेच्या अंतरावर. वाटणीच्या वेळी बांधावरच्या त्या नारळावरून भांडण झालं, तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मुलीने पुढे लिहिलं होतं: "वहिनी, मोठ्या आईला वाळवणं येतच नाही. पिकवणं तिचं काम होतं, वाळवणं माझ्या आईचं. थांब, आईला फोन करून सांगते."

राखून ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. इतकी वर्षं जपलेला राग आता ठेवायचा कुठे, हेही मला सुचेना.

संध्याकाळपर्यंत काकींची पद्धत आली. दव पडायच्या आत उचला, रात्री उबेत झाकून ठेवा, सकाळी कोवळ्या उन्हात उलटा. मी कुणाचं नाव न घेता सासूबाईंना वाचून दाखवलं.

"कुणी सांगितलं?"

"कॅनडातून आलंय, आई."

"कॅनडाला काय ठाऊक आपलं दव कधी पडतं ते," त्या म्हणाल्या. ओळखलं त्यांनी. पण दुसऱ्या दिवशी घड स्वतः निवडला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! सासूबाई दुपारी कॉम्प्युटरशेजारी खुर्ची ओढून बसत. "विचार त्यांना, ढग आले तर काय करायचं." मी टाइप करायचे. कॅनडात सकाळ झाली, की कुंपणापलीकडे फोन वाजायचा. काकींना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर त्या ओरडून बोलत: "घरात घे म्हणावं! चुलीजवळ ठेव!" आमच्या ओसरीवर शब्द न् शब्द यायचा. तरी सासूबाई ऐकलंच नाही असा चेहरा करून कॅनडाचं उत्तर येईपर्यंत थांबत. आलं की म्हणत, "बघ, हुशार आहेत हो तुझी माणसं."

मी हे सगळं कोर्समध्ये लिहिलं आणि विचारलं, की आता यात शिक्षक कोण आणि ज्ञान नक्की कुठे आहे? लोक बेहद्द खूश झाले, हाच तर मुद्दा, म्हणाले. माझा गोंधळ मात्र वाढला. मुद्दा कळला असता तर मी विचारलं असतं कशाला?

केळ्यांना मधाचा रंग चढत होता. एका दुपारी काकी लंगडत विहिरीकडे जाताना दिसल्या. सासूबाई त्या नजरेआड होईपर्यंत बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या, पण विचारायचं काही सांगेनात.

"काय लिहू, आई?"

"विचार, तिचा गुडघा कसा आहे."

मी तेवढंच लिहून पाठवलं. संध्याकाळी पलीकडे फोन वाजला. या वेळी ओरडणं नाही, काहीच नाही. सासूबाई केळी उचलायचं सोडून कान देऊन उभ्या. आता नारळाचं सगळं पुन्हा उकरून निघणार, असं मला वाटलं.

मग जास्वंदीतून आवाज आला.

"जाऊबाई, गुडघ्याचं इथं येऊन विचारायला काय झालं तुम्हाला?"

सासूबाईंनी पदराला हात पुसले. केळ्यांचं सूप उचललं आणि कुंपणाकडे चालू लागल्या. मध्येच वळून मला म्हणाल्या, "ते बंद कर आता."

मी बंद केलं. आणि मला रडू का आलं, तेही मला कळलं नाही.