वाढत्या अंगाची दुर्बीण

१९८९ सालचा मार्च. आम्ही राहायचो त्या अमेरिकेतल्या शॉमबर्गपासून पाऊण तासावर, शेतांच्या मधोमध असलेल्या एका पार्किंग लॉटमध्ये आम्ही तिघं कुडकुडत उभे होतो... मी, माझा नवरा सुधीर आणि आठ वर्षांची केतकी. निमित्त काय, तर दुर्बीण पसंत करणे. स्थळ बघायला निघाल्यासारखा सुधीर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. वरून जाडजूड जॅकेट, त्यामुळे तो कोणाला दिसलाच नाही ते सोडा.

केतकीला वाढदिवसाला दुर्बीण द्यायची हे पक्कं होतं. डॉबसोनियन घ्यायची ह्यावरही एकमत, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं. जाड पुठ्ठ्याचा पाइप, त्याच्या तळाशी आरसा, आणि खाली लाकडी खोका, ज्यावर ती हातानं फिरवायची. सुधीर सिव्हिल इंजिनिअर... काँक्रीटचे गोल खांब ओतायला हाच पाइप वापरतात हे कळल्यापासून तो तिच्या प्रेमातच पडला होता.

भांडण होतं ते साइजवरून. आरसा आठ इंची की तेरा इंची? आरसा मोठा तर पाइपही लांब, आणि डोळा लावायचा तो पाइपच्या वरच्या टोकाशी.

सुधीरचं म्हणणं, घ्यायचीच तर मोठीच घेऊ, पोरगी काय आज ना उद्या उंच होईलच. हे वाक्य ऐकतच मी लहानाची मोठी झाले. माझे फ्रॉक वाढत्या अंगाचे, शाळेचे बूट वाढत्या पायाचे, पुढे कापसाचे बोळे कोंबलेले. ते मापात बसेपर्यंत त्यांचे तळ गेलेले असायचे.

माझी काळजी मात्र वेगळीच होती. तीन वर्षांपूर्वी हॅलेचा धूमकेतू बघायला आम्ही एका दुर्बिणीपुढच्या रांगेत उभे राहिलो होतो. सुधीरनं केतकीला उचलून धरलं, "दिसला?" म्हणून विचारलं, ती "येस!" म्हणाली आणि आम्ही धन्य झालो.

त्या रात्री पांघरूण घालताना ती माझ्या कानात म्हणाली, "आई, आय डिडन्ट सी एनीथिंग." मागे लोक थांबले होते म्हणून तिनं येस म्हटलं होतं. पाच वर्षांच्या पोरीला एवढी भीड कुठून आली?... आमच्याकडूनच, आणखी कुठून. मला तेव्हापासून एकच हवं होतं, की तिला कोणी दाखवायला नको. तिचं तिला दिसायला हवं.

तर त्या पार्किंग लॉटमध्ये हौशी आकाशवाल्यांचा एक क्लब जमायचा आणि त्यांच्याकडे दोन्ही साइज होत्या. अंधार पडायला लागला तसा गुरू चमकू लागला, चांगला वर, मान मागे टाकून बघावं लागेल असा. दोन्ही दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या.

आधी मोठी. सुधीर उभ्या उभ्या डोळा लावून हरखून गेला. "पट्टे बघ, पट्टे!" केतकीसाठी स्टूल आणलं. ती वर चढली, त्यानं तिला कमरेला धरलं... पण डॉबसोनियनला मोटर नसते. पृथ्वी फिरते तसा गुरू सरकत जातो आणि बघणाऱ्यानं पाइप हलकेच ढकलत राहायचं असतं. स्टुलावर तोल सांभाळेपर्यंत गुरू पसार. सुधीरनं परत आणून दिला, तर परत पसार.

"दिसला?"

"येस."

तो येस मी लगेच ओळखला.

"आता ती छोटी," मी म्हणाले.

"अगं पण बघितला ना तिनं."

"नाही बघितला."

छोटी दुर्बीण एका आजोबांची होती. तिच्यातून बघायला केतकीला स्टूल लागलं नाही, बाबाही लागला नाही. पाइप कुठे धरायचा तेवढं आजोबांनी दाखवलं आणि खिशात हात घालून ते बाजूला झाले. केतकीनं जराशी वाकून डोळा लावला.

"दिसला?" सुधीर.

"वेट, बाबा."

मागे चारपाच माणसं खोळंबली होती. पुरे आता, लोक थांबलेत, असं म्हणायला मी हात पुढे केलासुद्धा... आणि तसाच मागे घेतला. ती एका हातानं पाइप ढकलत होती, मुंगीच्या पावलांनी. गुरू सुटला, तिनं शोधला. पुन्हा सुटला, पुन्हा शोधला.

"देअर आर थ्री लिटल डॉट्स... नो, फोर! बाबा, इट गोज अवे अँड आय ब्रिंग इट बॅक!"

सुधीरची पाळी आली तेव्हा गुरूचे ते चार चंद्र बघायला त्याला खडीत गुडघेच टेकावे लागले. तो उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "आठ इंचीच घेऊ." एवढंच.

परत येताना केतकी मागच्या सीटवर पेंगत होती. एरवी आमच्या मराठीला ती इंग्लिशमधूनच उत्तर द्यायची. मध्येच म्हणाली, "आई, ह्या वेळी खरंच दिसला." मला रडू आलं. लपवायचं कशाला?

ती दुर्बीण अजून आमच्या गराजमध्ये आहे. तेरा इंची घेतली असती तर, असं सुधीर अजून म्हणतो आणि कंबर धरून वाकतो.

परवा केतकी आली होती. तिनं दुर्बीण अंगणात काढली, शेजारी माझ्यासाठी बुटकं स्टूल ठेवलं. माझी नजर आता पूर्वीसारखी नाही, मला वेळ लागतो. गुरू कितीदा सुटला आणि कितीदा मी चाचपडत शोधला... ती मागे उभी होती.

एकदाही तिनं "दिसला का" म्हणून विचारलं नाही.