बेकु की बेड

महादेवप्पा तोळणुरे यांना पदवी मिळाली नाही. पण सत्तरच्या दशकात सोलापुरात जे जे बी.ए. झाले, त्यातल्या बऱ्याच जणांची पदवी आधी त्यांच्या बोटांखालून गेली होती. सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजात ते टायपिस्ट होते. तिथले कोरे सर कोल्हापूरच्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे अध्यक्ष. कोणता पेपर ठेवायचा, कोणता काढायचा, यावर आठ प्राध्यापक महिनोन्महिने भांडायचे. भांडून भांडून जे काही उरायचं ते महादेवप्पा टाइपरायटरवर स्टेन्सिलवर, म्हणजे प्रती काढायच्या मेणकागदावर, कापायचे. स्टेन्सिलवरची चूक झाकायच्या लाल औषधाची बाटली इतरांकडे महिन्यात संपे, महादेवप्पांकडे ती तीन वर्षं पुरली.

काय दिवस होते ते! कोरे सर आणि महादेवप्पा दोघांच्याही घरात कानडी. मसुद्याचे कागद इतर प्राध्यापकांच्या हाती पडले की त्यांना नवे फाटे फुटायचे, म्हणून सर समासात कानडी खुणा करत. ठेवायचं तिथं ‘बेकु’, म्हणजे पाहिजे. काढायचं तिथं ‘बेड’, म्हणजे नको. बाकीचे सात जण डोकं खाजवत बसत आणि हे दोघं गालातल्या गालात हसत. सरांना एकच खोड होती. पेनात शाई भरायचा त्यांना मनापासून कंटाळा. सरांचं आडनाव कोरे, आणि पेन कोरडं, असं सगळं ऑफिस म्हणायचं.

महादेवप्पांची स्वतःची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देत देत त्यांनी बी.ए.चे सगळे पेपर सोडवले होते. एकच राहिला होता, सक्तीच्या इंग्रजीचा. इंग्रजी टाइप करताना ज्यांचं एक अक्षर चुकत नसे त्यांना इंग्रजीत एकदा एकतीस आणि एकदा तेहतीस गुण पडले. पस्तीस काही गाठता येईनात. भिंतीवर पदवीच्या फोटोसाठी खिळा ठोकून तीन वर्षं झाली होती. गौरम्मा, त्यांची बायको, त्याला पिशवी अडकवायची.

सत्तर साली अभ्यासक्रम बदलायचं ठरलं. जुन्या अभ्यासक्रमाच्या नापासांना आणखी एक संधी द्यायची की नाही, हे मंडळानं अध्यक्षांवर सोडलं. कोरे सरांनी खुणा केल्या, कागद महादेवप्पांच्या टेबलावर ठेवले आणि पंधरा दिवसांसाठी लेकीच्या घरी धारवाडला गेले. स्टेन्सिल संध्याकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत हवी होती. दुसऱ्या दिवशी मंडळातले एक प्राध्यापक कागद घेऊन कोल्हापूरला निघणार होते. महादेवप्पा झपाट्यानं टाइप करत कलम अकरापर्यंत आले आणि थांबले. ‘जुन्या विद्यार्थ्यांना एक जादा संधी.’ समोर समासात नुसतं ‘बे’. पुढं शाई संपलेल्या निबाचा ओरखडा.

बेकु की बेड?

ओरखडा उजेडाला धरून पाहिला. तिरका करून पाहिला. ‘कु’ म्हणावा तर ‘कु’ दिसे, ‘ड’ म्हणावा तर ‘ड’. जे कलम हवं म्हणून त्यांचा जीव तळमळत होता, तेच त्यांच्या हातात होतं. आणि तिथंच ते भ्याले. आपल्याला हवंय म्हणूनच आपल्याला ‘बेकु’ दिसतंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. लोक काय म्हणतील? टायपिस्टानं स्वतःसाठी विद्यापीठ वळवलं? त्यांनी कलम अकरा गाळलं आणि बारावं अकरावं केलं.

पंधरा दिवसांनी सर परत आले, तोवर सगळं मंजूर झालं होतं. छापील प्रत वाचून त्यांनी महादेवप्पांना बोलावलं. “अरे, बेकु होतं ते! तुझी इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं होतं मी.”

त्या दिवशी महादेवप्पा जेवले नाहीत. गौरम्मानं भाकरी झाकून ठेवली आणि सरळ सांगितलं, “दुसऱ्या कुणाचं असतं तर तुमी बेकुच वाचलं असतं की. सोताचं होतं म्हनून बेड वाचलं. आणि तुमी एकटंच होता व्हय त्यात? आणखी किती जनांची परीक्षा तुमी बुडवली, इचार केला का?”

हे शेवटचं त्यांना लागलं. चांगुलपणा करायला गेलो आणि ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा लोकांच्या ताटात माती कालवली, हे त्यांना आयुष्यभर टोचत राहिलं. परीक्षेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं आणि दहा अधिक दोन अधिक तीनचा नवा आकृतिबंध. पुन्हा भांडणं, पुन्हा समासात बेकु-बेड. कोरे सर आता निवृत्तीला टेकले होते, केस पांढरे झाले होते, पेन तेच. आणि तोळणुऱ्यांच्या घरात इंग्रजीच्या एका पेपरावर आता दुसरंच कुणी अडकलं होतं, त्यांची थोरली मुलगी जगदेवी. इंग्रजीत ती बापावर गेली होती. जुना अभ्यासक्रम बंद झाला तर तिलाही घरी बसावं लागणार होतं.

टाइप करता करता महादेवप्पा कलम नऊपर्यंत आले. ‘जुन्या विद्यार्थ्यांना दोन जादा संधी.’ समासात नुसतं ‘बे’. पुढं ओरखडा.

त्यांना आधी हसू आलं, मग ते जुनं कलम अकरा आठवलं. पण या खेपेला सर धारवाडला नव्हते. ते शेजारच्या खोलीतच चहा पीत बसले होते. महादेवप्पा कागद घेऊन दारात उभे राहिले.

“सर, कलम नऊ. हे बेकु हाय की बेड?”

सरांनी चष्मा लावला आणि कागद पाहिला. “मागच्या खेपेला मी लिहिलं आणि तू वाचलंस,” ते म्हणाले. “आज तू सांग. मी लिहितो.”

महादेवप्पांनी जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पगारवाढीचे अर्जसुद्धा ते दुसऱ्यांचेच टाइप करून देत. आज मागितलं.

“बेकु, सर. माझी जगदेवी हाय त्यात. आनि दुसरीबी पोरं असतील की, सगळ्यांना बेकु.” ते थांबले. “तवा मलाबी लई बेकु हुतं, सर.”

सरांनी पेन झटकलं. शाई आली नाही. मग त्यांनी महादेवप्पांच्या खिशातलं बॉलपेन काढून घेतलं आणि ‘बे’च्या पुढं ठसठशीत ‘कु’ लिहिला.

जगदेवी दुसऱ्या संधीला पास झाली, छत्तीस गुण मिळवून. तिचा पदवीचा फोटो आला तेव्हा गौरम्मानं त्या खिळ्यावरची पिशवी खाली उतरवली.